कोर्टाची मैत्रीण

एखाद्या खटल्यात कायद्याचा गुंता फार झाला, किंवा आरोपीच्या बाजूने उभं राहायला कुणी वकीलच नसला, की आपली उच्च न्यायालयं एखाद्या जाणत्या वकिलाला मदतीला बोलावतात. हा वकील वादीचाही नसतो आणि प्रतिवादीचाही. तो न्यायालयाचा मित्र. त्याला 'अमिकस क्युरी' म्हणतात. वर्तमानपत्रांत कधी 'न्यायमित्र' तर कधी 'न्यायालयाचे मित्र' असं छापून येतं. कोर्टाच्या व्हरांड्यात नुसत्या 'अमिकस'वर भागतं. आता ही नेमणूक वकीलबाईंची झाली, तरी आदेशात त्या सहसा 'अमिकस'च राहतात. इथे लॅटिनचं व्याकरण थोडं दुखावतं. लॅटिनमध्ये 'अमीकुस' म्हणजे मित्र, तो पुल्लिंगी. मैत्रिणीसाठी वेगळा शब्द आहे, 'अमीका'. 'चेअरमन'ची 'चेअरपर्सन' झाली, तर मग 'अमिकस क्युरी'ची 'अमिका क्युरी' का होऊ नये, असा प्रश्न एखाद्या सुधारकाच्या मनात येणं साहजिक आहे. मराठीत तर 'अमिका' फारच गोंडस वाटेल. अनामिकेची धाकटी बहीण शोभेल. फक्त त्या सुधारकाने अर्ज टाइप करायला देण्यापूर्वी रोमन कायद्याचा ग्रंथ चुकूनही उघडू नये.

कारण हा शब्द तिथे येतो, आणि तो जिथे येतो ती जागा वकीलबाईंना दाखवण्यासारखी नाही. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून इ.स. ५३३ मध्ये जुन्या कायदेपंडितांच्या मतांचं एक जाडजूड संकलन सिद्ध झालं, ते 'डायजेस्ट'. त्याच्या पन्नासाव्या, म्हणजे शेवटच्या भागातलं सोळावं प्रकरण केवळ शब्दांच्या अर्थांना वाहिलेलं आहे. त्यात पाउलुस नावाचा पंडित मासुरिउस या त्याच्याहून जुन्या पंडिताचा हवाला देऊन सांगतो, की लग्नाची बायको नसताना एखाद्याबरोबर राहणाऱ्या बाईला पूर्वी 'पाएलेक्स' म्हणत; हल्ली तिला तिच्या खऱ्या नावाने 'अमीका' म्हणतात, आणि थोडं आब राखून बोलायचं तर 'कोंकुबीना'. कोंकुबीना म्हणजे रखेल. म्हणजे रोमन कायद्याच्या कोशात 'रखेल' हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द, आणि 'मैत्रीण' हा उघडावाघडा. रखेल म्हणा हवं तर, पण मैत्रीण म्हणून अब्रू घेऊ नका! आणि या 'अमीका'चा सख्खा भाऊ 'अमीकुस' मात्र आज काळा कोट घालून न्यायमूर्तींच्या पुढ्यात उभा. शेपटाकडचा एवढासा तुकडा बदलला आणि एक भावंड बारमध्ये गेलं, दुसरं भलत्याच बारमध्ये.

हे कुणी केलं, याचा तपास व्हायला हवा. मराठी शाळेत नामाची झडती तीन खोल्यांत होते: लिंग, वचन आणि विभक्ती. पहिला संशय अर्थातच लिंगावर जातो, पण पुरावा त्याच्या बाजूचा आहे. लॅटिनमध्ये 'आ' हे शेवटचं अक्षर बहुधा स्त्रीलिंगाची खूण, हे खरं. (मराठी कानाला हे उलटंच वाटतं. आपल्याकडे दादा, मामा, घोडा, सखा हे सगळे आकारान्त आणि मिशीवाले.) पण त्याच लॅटिनमध्ये खलाशी म्हणजे 'नाउता', शेतकरी म्हणजे 'अग्रिकोला', कवी म्हणजे 'पोएता'. तिघंही पुरुष, तिघंही पुल्लिंगी, आणि तिघांच्या मागे अमीकासारखंच 'आ'चं शेपूट. भूमध्य समुद्रात वल्ही मारणाऱ्या त्या धटिंगणाला या शेपटावरून कुणी चिडवल्याची नोंद नाही. उलट बाजूही तपासा. सासूला लॅटिनमध्ये 'सोक्रुस' म्हणतात आणि सुनेला 'नुरुस'. दोघी स्त्रीलिंगी आणि दोघींनी अमीकुससारखं 'उस'चं मर्दानी शेपूट लावून घेतलेलं. सासू-सुनांचं जगात कुठेतरी एकमत झालं असेल तर ते इथे. तेव्हा शेवटचं अक्षर एखाद्याच्या चारित्र्याबद्दल काही सांगतं, हे लॅटिनच्या स्वतःच्या घरातच टिकत नाही.

आपल्याला तर हे जास्त लवकर पटायला हवं. संस्कृतात 'मित्र' देव असतो तेव्हा पुल्लिंगी, आणि जिवाभावाचा दोस्त असतो तेव्हा नपुंसकलिंगी. बायकोची गोष्ट त्याहून मजेची: 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' चक्क पुल्लिंगी, शिवाय कायम अनेकवचनी. घरात बायको एकच असली तरी व्याकरणात ती 'ते अनेकजण'. मराठीने हा वारसा मोडला नाही. 'आमचं कुटुंब सध्या माहेरी गेलंय' असं सांगणारा जुना गृहस्थ आपल्या सहधर्मचारिणीला नपुंसकलिंगात टाकून वर आदरच दाखवत असायचा. ज्या भाषांमध्ये बायकोला तिन्ही लिंगं फिरवून आणता येतात, त्यांच्या वारसांनी 'अमीका'च्या बदनामीचं खापर लिंगावर फोडणं बरं दिसत नाही. लिंग निर्दोष सुटलं, असं समजू.

मग शब्दाला तो वास आला कुठून? रंगभूमीवरून, निदान तिथे तो सर्वांत आधी आणि सर्वांत मोकळेपणाने दरवळतो. प्लाउतुसची विनोदी नाटकं साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांतल्या बऱ्याच नाटकांचा साचा ठरलेला: एक प्रेमात पडलेला आणि खिशाने रिकामा तरुण, एक त्याच्याहून चौपट हुशार गुलाम, एक कुंटणखान्याचा मालक, आणि त्या मालकाच्या ताब्यातली एक मुलगी. ही मुलगी म्हणजे त्या तरुणाची 'अमीका'. इ.स.पू. १९१ मध्ये रंगमंचावर आलेल्या 'स्यूदोलुस' नाटकात तर तिची किंमतही जाहीर आहे: २० मिना. एका मॅसेडोनियन शिपायाने त्यातले १५ आगाऊ भरलेत, ५ यायचेत, आणि सबंध नाटक त्या उरलेल्या पाच मिनांभोवती फिरतं. मैत्रीण हप्त्यावर घेण्याची ही सोय पाहिली, की या शब्दाला नंतर कायद्याच्या कोशात ती जागा का मिळाली ते कळतं. नाटक पाहून परतलेला माणूस आपल्या बायकोच्या शेजारणीचा उल्लेख 'अमीका' असा करताना दहादा विचार करणार.

यावर एक आक्षेप ठेवलेला आहे, आणि तो वजनदार आहे. 'अमीकुस' तरी कुठे धुतल्या तांदळाचा होता? तोही विकला जातच होता. बरोबर आहे. रोममध्ये बड्या माणसाच्या दारात सकाळी सकाळी मुजऱ्याला जमणाऱ्या आश्रितांनाही सौजन्याने 'अमीकी', म्हणजे मित्रच म्हणत. सेनेका सांगतो, की गायुस ग्राकुसने आपल्या या मित्रांच्या प्रतवाऱ्या पाडल्या होत्या: काहींना एकांतात भेट, काहींना चारचौघांत आणि बाकीच्यांना सरसकट घोळक्याने. आपल्याकडच्या कुठल्याही पुढाऱ्याच्या बंगल्यावरची सकाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही वर्गवारी समजावून सांगावी लागणार नाही. त्याच्याही वरची पायरी म्हणजे 'रोमन जनतेचा मित्र' हा किताब. तो परदेशच्या राजांना मिळायचा, आणि फुकट नव्हे. इजिप्तचा बारावा टॉलेमी, म्हणजे क्लिओपात्राचा बाप, याने इ.स.पू. ५९ मध्ये हा किताब पदरात पाडून घेतला. स्वेतोनिउसच्या हिशेबाने या राजाकडून सीझरने स्वतःच्या आणि पॉम्पेच्या नावाने जवळजवळ ६००० टॅलंट उकळले. एका टॅलंटच्या ६० मिना. गुणाकार केला तर एका 'अमीकुस'च्या भावात अठरा हजार 'अमीका' आल्या असत्या. मधल्या सव्वाशे वर्षांची महागाई वजा करा, नाटकातला भाव आणि राजकारणातला भाव एका तागडीत तोलू नये हेही मान्य करा. तरी आकडा पुरेसा बोलका उरतो. पण मुद्दा किमतीचा नाही, किंमत मोजल्यानंतरच्या चेहऱ्याचा आहे. सहा हजार टॅलंटचा मित्र मिरवला गेला; वीस मिनांच्या मैत्रिणीवर प्रेक्षक हसले. दोघंही शब्द घसरले खरे, पण एक दरबाराच्या दिशेने घसरला आणि दुसरा शेजघराच्या.

ही घसरगुंडी रोमन माणसाला पक्की ठाऊक होती, याचा पुरावा सिसेरोने भर कोर्टात दिला. इ.स.पू. ५६ मध्ये तो कायलिउस नावाच्या तरुणाचं वकीलपत्र घेऊन उभा होता, आणि समोर साक्षीला होती क्लोदिया, रोममधल्या अतिशय बड्या घराण्यातली विधवा. लॅटिनमध्ये शत्रू म्हणजे 'इनीमीकुस', अक्षरशः अ-मित्र. त्याचं स्त्रीलिंग 'इनीमीका'. सिसेरो साळसूदपणे म्हणाला, की बायकांशी वैर धरणं मला कधीच रुचलेलं नाही, त्यातून ही बाई तर कुणाची 'इनीमीका' असण्यापेक्षा सगळ्यांचीच 'अमीका' म्हणून ओळखली जाते. मराठीत नुसतं भाषांतर केलं तर हे प्रशस्तिपत्रक होईल: या कुणाच्या शत्रू नाहीत, सर्वांच्या मैत्रीण आहेत. बचत गटाच्या निरोप समारंभातही चालेल. रोमन न्यायासनापुढे मात्र हे वाक्य चाबकासारखं वाजलं असणार. आरोपी निर्दोष सुटला. बारा वर्षांनी याच सिसेरोने मैत्रीवर एक नितांतसुंदर ग्रंथ लिहिला. मैत्रीसाठीचा 'अमिकीतिआ' हा शब्द प्रेमवाचक 'अमोर'पासून आला, असं त्यात सांगितलं आहे. शब्द स्वतः स्त्रीलिंगी. त्यावर संवाद करणारे तिघंही पुरुष. मैत्री बाई असलेली चालते, मैत्रीण बाई असली की पंचाईत.

आता वचनाची खोली. इथे लॅटिनचा नियम सरळ आहे: नव्याण्णव मैत्रिणींत एक मित्र येऊन बसला, की शंभराच्या शंभर 'अमीकी', म्हणजे मित्र. मराठीने या बाबतीत जास्त समजूतदारपणा दाखवला आहे. मुलगे आणि मुली एकत्र आले की आपण सगळ्यांना नपुंसकलिंगी 'मुलं' करून टाकतो, कुणालाच झुकतं माप नाही. लॅटिनची खरी गंमत मात्र पुढे आहे. 'मित्रांना' आणि 'मैत्रिणींना' या दोन्हींचं रूप एकच होतं, 'अमीकीस'. त्या एका रूपात स्त्री-पुरुष भेद पार पुसला जातो. हीच अडचण देव आणि देवीच्या, मुलगा आणि मुलीच्या शब्दांतही होती. तिथे रोमन लोक स्वस्थ बसले नाहीत. देवींसाठी 'देआबुस' आणि मुलींसाठी 'फीलिआबुस' अशी खास रूपं त्यांनी तयार केली. का? नवस बोलताना देवी रुसली तर पीक जायचं आणि मृत्युपत्रात लेक सुटली तर जमीन. थडग्यांवरच्या लेखांत तर मुक्त केलेल्या गुलाम आणि गुलामिणींसाठीसुद्धा वेगवेगळी रूपं कोरलेली सापडतात, कारण त्या दफनभूमीत कुणाला जागा मिळणार याचा तो दस्तऐवज असे. मैत्रिणीच्या नावावर ना जमीन, ना दफनाची जागा. तिच्यासाठी नवं रूप घडवायला सहसा कुणी बसलं नाही. व्याकरण एरवी झोपलेलं असतं, सात-बाऱ्याचा विषय निघाला की ताडकन उठून बसतं.

यावर लॅटिनचे जाणकार म्हणतील, की तुम्ही एकच बाजू रंगवता आहात. बायकाबायकांच्या मैत्रीत 'अमीका' अगदी निरागस होती, आणि विशेषण म्हणून तर कुठेही चाले. मान्य. व्हर्जिलने 'इनीड'च्या दुसऱ्या सर्गात चंद्राच्या शांततेलाच हे विशेषण लावलं आहे, आणि तिथे तेच 'अमीका' रूप नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे. चंद्रावर कुणी शिंतोडे उडवले नाहीत. पण निरागस अर्थ उपलब्ध असताना बायका स्वतः कोणता शब्द उचलत, हे पाहण्याजोगं आहे. इंग्लंडच्या उत्तरेला विंदोलांदा नावाचं रोमन लष्करी ठाणं होतं. तिथल्या चिखलाने पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पट्ट्यांवरची शाईची पत्रं सांभाळून ठेवली. त्यांतलं एक इ.स. १०० च्या आसपासचं: क्लाउदिया सेवेरा या अधिकाऱ्याच्या बायकोने दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला, सुल्पिकिया लेपिदिनाला, ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचं आमंत्रण धाडलं आहे. मजकूर लेखनिकाच्या वळणदार हातचा. खाली शेवटच्या चार ओळी सेवेराने स्वतः, जरा अडखळत्या अक्षरात लिहिल्या आहेत. बाईच्या हातच्या सर्वांत जुन्या उपलब्ध लॅटिन लिखाणांत त्या ओळींची गणना होते. आणि त्या ओळींत ती लेपिदिनाला हाक मारते 'सोरोर' म्हणजे बहीण. या दोघी रक्ताच्या बहिणी होत्या असं सहसा कुणी मानत नाही. गोठवणाऱ्या सरहद्दीवर, नवऱ्यांच्या पलटणींमध्ये अडकलेल्या दोन मैत्रिणी. पण शब्द निवडला तो बहिणीचा. आपल्या चाळीतही समोरच्या बिऱ्हाडातली बाई दुसऱ्या दिवशी 'ताई' होते. मैत्रीण म्हटलं की कुणाची, कशी, केव्हापासून हे विचारायला वाव राहतो. बहिणीला जामीन लागत नाही.

रोम बुडालं, तरी शब्दाचा पिच्छा सुटला नाही. फ्रेंचांनी 'अमीका'ची घासूनपुसून 'आमी' केली, आणि मित्रही 'आमी'च. लिहिताना मैत्रिणीला एक जास्तीचं अक्षर, बोलताना दोघं सारखे. 'माझी आमी' याचा जुना जोडशब्द 'मामी' होत असे. (आपल्या मामीशी त्याचा काही संबंध नाही, हे मामांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.) त्या 'मामी'ची लोकांनी भलत्या ठिकाणी फोड केली, 'मा मी', आणि 'मी' नावाचा एक नवाच शब्द जन्माला आला. अर्थ? मैत्रीण नव्हे, प्रियतमा. आज फ्रेंचमध्ये प्रेयसीला 'छोटी मैत्रीण' म्हणतात आणि त्याचा उच्चार देवनागरीत लिहिला तर 'पतित आमी' असा पडतो. हा निव्वळ योगायोग आहे. पण पाउलुस पंडिताला कळला असता तर त्याने डायजेस्टमध्ये एक तळटीप नक्की टाकली असती.

इथे तपासाला कलाटणी देणारा साक्षीदार पोर्तुगालमधून येतो. तेराव्या शतकात तिकडे गाण्यांचा एक प्रकार भरात होता, 'कांतिगा द आमीगु', म्हणजे मित्राची गाणी. लिहिणारे पुरुष, त्यांत १२७९ ते १३२५ राज्य केलेला राजा दिनिशसुद्धा. पण गाणारा आवाज तरुणीचा. ती समुद्राच्या लाटांना विचारते, आईला विचारते, की माझा 'आमीगु' कुठे राहिला? हाच 'आमीगु' पुढे याच भाषेच्या बोटीत बसून गोव्याला उतरला, तो बिचारा साधा मित्र. पण गाण्यांतला आमीगु मित्र नाही, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असे. शब्द पुल्लिंगी, एकवचनी, अमीकुसचा थेट वंशज, आणि तरी तोच वास! फरक एवढाच, की या वेळी 'माझा' म्हणणारी बाई होती.

म्हणजे लिंग सुटलं, वचनाने फार तर आळस केला, आणि गुन्हेगार तिसऱ्या खोलीत सापडला: षष्ठी विभक्ती. चा-ची-चे. 'मैत्रीण' नुसती असते तोवर तिला कुणी काही म्हणत नाही. 'अमुकाची' हे शेपूट मागे नव्हे, पुढे लागलं की माना वळतात. 'तिची मैत्रीण आली आहे' म्हटलं की चहाचं आधण ठेवतात. 'त्याची मैत्रीण आली आहे' म्हटलं की आधी आतल्या खोलीत चौकशी आणि मग चहा. 'अमीका' बदनाम झाली ती नाटकातल्या तरुणाची, एखाद्या शिपायाची, सगळ्यांची अशी पुरुषांच्या षष्ठीत सापडल्यामुळे. सेवेरा आणि लेपिदिनाच्या षष्ठीत ती बहिणीइतकी सोज्वळ राहिली असती. आमीगु घसरला तो तरुणीच्या षष्ठीत.

हे एकदा पक्कं झालं, की आपल्या उच्च न्यायालयापुढचा अर्ज निकाली काढता येतो. 'अमिका क्युरी' यातला 'क्युरी' हाच षष्ठीतला शब्द आहे. मूळ नाम 'कूरिआ', म्हणजे न्यायसभा. आणि कूरिआ, कुठलाही लॅटिन कोश उघडून पाहावा, स्त्रीलिंगी आहे. तेव्हा वकीलबाईंना 'अमिका क्युरी' म्हणायला डायजेस्टची भीती बाळगण्याचं कारण नाही. ती एका बाईची मैत्रीण आहे, सेवेराच्या वाढदिवसाला जाण्याइतकी निर्मळ. प्रश्न उरतो तो या स्त्रीलिंगी कूरिआच्या पुरुष मित्रांचा, जे वर्षानुवर्षं 'अमिकस' म्हणून तिच्याकडे ये-जा करताहेत, तेही बहुतेकदा काळ्या कोटात आणि फायली काखेत धरून.